पाडसाच्या रडण्याला वन्स मोअर

हरणाला हाक कशी मारायची हे मी अबुधाबीत शिकलो. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "तिथे हरणं कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. जी आहेत ती बड्या लोकांच्या फार्मवर, कुंपणाच्या आत, लाडावलेली. बाहेर वाळूत जी काही उरली असतील, त्यांच्या शिकारीला बंदी. मी स्वतः आयुष्यात बंदूक धरली ती एकदाच, जत्रेत फुगे फोडायला, आणि तेव्हा फुगेवाला घाईघाईने खाली बसला होता. तरीही मी हे शास्त्र शिकलो, कारण न शिकून सांगता कुणाला?

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी एका ट्रेडिंग कंपनीच्या दुकानात सेल्समन होतो. तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेट्या, कोळशाच्या शेगड्या असा आमचा माल. थंडी सुरू झाली की इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, आणि आमची दिवाळी तेव्हा असते. मालक सांगलीकडचे. गिऱ्हाइकाला "नाही" म्हणणं त्यांच्या तोंडात बसतच नसे. हत्ती मागितला असता तरी म्हणाले असते, "आहे, कुठल्या रंगात देऊ?"

माझी दुसरी ओळख महाराष्ट्र मंडळातली. गणेशोत्सवात माझा आवाजांचा आयटम असायचा. कोंबडा, किक मारूनही सुरू न होणारी स्कूटर, म्हैस, आणि पंगतीत जिलबी संपल्याचं कळलेला काका. म्हशीला दरवर्षी वन्स मोअर पडायचा. मी तो दरवर्षी द्यायचो. पहिल्या रांगेत बसून मालक टाळ्या वाजवायचे, आणि त्यांनी तेव्हाच मनात काहीतरी नोंदवून ठेवलं असणार.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर अमिराती गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो. मोठ्या माणसाला, मालकाला इकडे तसंच म्हणतात. दर हिवाळ्यात त्यांच्या घरचे सगळे तंबू आमच्याकडून जायचे. हिंदी छान बोलायचे, आमच्यापेक्षा बेधडक. एक दिवस ते दुकानात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मैं जाता शिकार को, मेरा साला लोग के साथ. उधर बहुत ठंडा मुल्क. हरन को बुलाने वाला सीटी चाहिए."

"है ना अरबाब, इन्शाल्ला सब है," मालक म्हणाले. "सिखाने वाला आदमी भी है."

आणि त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. मी त्या वेळी गुडघ्यावर बसून हवेच्या गादीत पायपंपाने हवा भरत होतो.

अरबाब गेल्यावर मी म्हणालो, "साहेब, मला हरीण येत नाही."

"म्हैस येते ना?"

"येते."

"मग तीच जरा बारीक काढा."

"अहो साहेब, हा काय गणपतीतला आयटम आहे का?"

मालकांनी मला समोर बसवलं. त्यांचा आवाज प्रेमळ झाला की मला घाम फुटायचा. "हे बघा नटवर्य, अरबाब खूश झाले तर त्यांचे मेहुणे घेणार, मेहुण्यांचे भाऊ घेणार. मग आपण इथेच शिकारीच्या सामानाचं काउंटर काढू. ते तुमचं. आणि नाही झालं, तर तुम्हाला माहितीच आहे, दुकानात एक माणूस जास्त आहे आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या नव्या गोडाऊनला एक माणूस कमी आहे."

ते मला माहीत होतं. गोडाऊनची कंपनीने दिलेली खोली चार पुरुषांची होती. बायकोला अबुधाबीतल्या शाळेत नोकरी होती, मुलगी तिसरीत होती, आणि त्या दोघींना घेऊन मी दुबईत संसार थाटू शकेन अशी परिस्थिती नव्हती. म्हणजे हरीण जमलं तर घरी राहायचं. नाही जमलं तर, इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून, गुरुवारी संध्याकाळी बसने घरी यायचं आणि शनिवारी पहाटे परत जायचं.

घरी सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं हातात तसंच धरून म्हणाली, "म्हणजे आपलं घर आता हरणाच्या हातात आहे म्हणा की."

"माझ्या तोंडात आहे," मी म्हणालो.

"मग संपलंच."

सामान अमेरिकेतून आलं. एक काळी नळी, तिच्या तोंडाशी पातळ पट्टी, आणि खाली आगगाडीच्या डब्यांना जोडणाऱ्या कापडासारखी चुण्यांची शेपटी. फुंकायचं आणि पट्टीवर बोट कुठे दाबायचं त्यावरून आवाज बदलायचा: वर दाबलं तर नराची घुरघुर, मध्ये दाबलं तर मादीची साद, अगदी टोकाशी दाबलं तर पाडसाचं रडणं. दुसरी वस्तू म्हणजे एक गोल डबी. ती नुसती उलटी केली की आतलं वजन घसरायचं आणि ती आपली आपण "म्यँऽऽ" करायची. सोबत एक कॅसेट होती. तिच्यातला माणूस अमेरिकेतल्या कुठल्या खेड्यातला होता देव जाणे. तो काय बोलतो ते आम्हाला कळेना आणि आमच्या मुलीला तर खूपच कळे.

"बाबा, ही सेज यू शुड फील द डिअर इन युअर बेली."

"तिथे सध्या वरणभात आहे."

"बाबा, बी सीरियस!"

मी सीरियस होऊन फुंकलो. नळीतून जो आवाज निघाला त्याने कपबशा हलल्या. नराची घुरघुर ही ऐकायला हरणासारखी अजिबात वाटत नाही. ती कशासारखी वाटते, हे दुसऱ्या दिवशी नातूर, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा पठाण वॉचमन, सांगायला आला. दारात उभा राहून तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता.

"साब, ऊपर से कंप्लेंट है. आपने घर में जानवर रखा है?"

"जानवर? कौन सा जानवर?"

"वो नाम मैं नहीं बोलेगा साब. ऊपर वाले ने भी नाम नहीं बोला. खाली नाक से आवाज करके बताया."

आता आली पंचाईत! मुसलमान देशात, तिसऱ्या मजल्यावर, मी डुक्कर पाळलं आहे अशी बातमी बिल्डिंगभर झाली होती. मी नळी दाखवली. त्याला पटेना. मी फुंकून दाखवलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि मग म्हणाला, "साब, बाथरूम देख लूँ?" त्याने बाथरूम पाहिलं, बाल्कनी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. बायकोने त्याला चहा दिला. जाताना तो मला फार दयेने म्हणाला, "साब, नौकरी का टेन्शन है क्या?"

मी काय सांगणार? होतंच.

मग आम्ही शुक्रवारी सकाळी गाडी काढून शहराबाहेर जायला लागलो. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करायची, मी वाळूत थोडं लांब जाऊन फुंकायचं, आणि बायको नि मुलीने गाडीजवळ सतरंजीवर बसून डब्यातले कांदेपोहे खात हरणाची भूमिका करायची. पसंत पडलं तर हात वर. कुणाचाही हात वर होत नव्हता. घुरघुर काढली तर म्हैस यायची. मादीची साद काढली तर लहान म्हैस यायची. मी तोंड वाकडं करून पाहिलं, गाल फुगवून पाहिले, डोळे मिटून हरिणीचं ध्यान केलं. म्हैस काही मला सोडेना.

"मी हरीण असते," बायको म्हणाली, "तर तहानेने मेले असते, पण तुमच्याकडे आले नसते."

"पाडसाचं रडणं ऐक, ते बरं आहे."

मी वाजवलं. ती पोहे खाता खाता थांबली. "हे रडणं नाही, हे गाणं झालं. तुम्ही सारखं एका दमात रडताय. मूल असं रडतं का?"

"मग कसं रडतं?"

"रात्री कोण उठायचं हिच्यासाठी?"

"तू."

"म्हणून तुम्हाला माहीत नाही. मूल आधी एकदा रडतं. मग थांबतं. कुणी येतंय का ऐकतं. आणि मग जे दुसऱ्यांदा रडतं ना, ते खरं. आई उठते ती त्या मधल्या थांबण्याला."

मी तसं केलं. एकदा बारीक, तुटका आवाज. मग गप्प. वाळूवर वारा तेवढा. मग पुन्हा, जरा वरच्या पट्टीत, शेवटाला सोडून दिलेला. बायको सतरंजीवरून अर्धवट उठली होती. हात वर करायचं विसरली.

मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट वॉज स्केअरी."

मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं. नाचलोही, वाळूत, बूट भरेपर्यंत. बायको मात्र डबा बंद करत होती. "आणि ती हरिणी आली, की मग काय करायचं?"

"मग गोळी घालायची. तिला किंवा तिच्यामागून येणाऱ्या नराला."

ती सतरंजी झटकत म्हणाली, "यल्ला, चला घरी. काउंटर मिळवा म्हणजे झालं."

प्रात्यक्षिक अरबाबच्या फार्मवर ठरलं. मालकांनी मला स्वतःच्या गाडीतून नेलं, वाटेत मध घातलेलं गरम पाणी पाजलं, एसी बंद ठेवला. घसा म्हणजे कंपनीची मालमत्ता होती. मी लग्नातला कोट घातला होता. उजव्या खिशात डबी, डाव्या खिशात नळी.

खजुरांच्या झाडांखाली गालिचा घातला होता. अरबाब आणि त्यांचे दोन मेहुणे बसले होते. पलीकडे लांबच लांब जाळीचं कुंपण आणि त्यामागे तीसेक हरणं, बारीक पायांची, वाळूच्याच रंगाची. अरबाब त्यांच्याकडे बघताना वेगळेच दिसायचे. एकेकीकडे बोट दाखवून सांगत होते, ही हट्टी आहे, हिला खजूर लागतो, हिचं पिल्लू परवा झालंय, तिकडे सावलीत झोपलंय. मी गहवा पीत होतो, म्हणजे ती त्यांची कडू कॉफी, आणि मान हलवत होतो. परवा झालेल्या पिल्लाचं ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी लुकलुकायला हवं होतं. लुकलुकलं नाही. कलाकाराला पडदा उघडायच्या आधी काही ऐकू येत नसतं.

"यल्ला उस्ताद," अरबाब म्हणाले.

मी गालिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. सवयीने प्रेक्षकांना नमस्कारही केला. आधी नराची घुरघुर. हरणांनी एकदा कान हलवले आणि चरत राहिली. एक मेहुणा दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. मादीची साद. लांब बांधलेली एक बकरी तेवढी ओरडली. मालकांचा चेहरा मी बघितला नाही, पण त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मला त्यात गोडाऊनचं शटर उघडताना ऐकू आलं.

मग मी बोट पट्टीच्या टोकाशी नेलं. एकदा. थांबलो. पुन्हा.

एक हरिणी कळपातून तीरासारखी निघाली आणि थेट जाळीपाशी आली. मागून आणखी चारपाच. सगळ्यांचे कान ताठ, माना उंच, माझ्याकडे. मी! ज्याच्या हाकेला घरचं मांजरही कधी आलं नाही, त्याच्यासमोर हरणांची रांग उभी होती. मेहुणे उठून उभे राहिले. अरबाबनी गुडघ्यावर थाप मारली. "माशाल्ला! खलास, मैं लेता. सब के लिए लेता."

झालं होतं! अबुधाबी, बायको, मुलगी, काउंटर, सगळं माझं झालं होतं. नळी खिशात घालून गालिच्यावर जाऊन बसायचं एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात धाकटा मेहुणा टाळ्या वाजवत म्हणाला, "एक बार और! उस्ताद, एक बार और!"

आता मराठी वाचकांना मी काय समजावून सांगू? आपल्याकडे वन्स मोअर आला की नाटकात विष पिऊन मेलेला माणूसदेखील उठून पद पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. तो द्यायचा की नाही हा विचार करायची सोयच नसते. माझे हात आपोआप वर गेले. आणि वन्स मोअरला पहिल्यापेक्षा रंगवून म्हणायचं असतं, हीही आपलीच रीत. मी मधलं थांबणं लांबवलं. दुसऱ्या रडण्यात जीव ओतला.

सगळ्यात पुढची हरिणी मागे सरली आणि तिने जाळीवर उडी घेतली. तिचा पुढचा पाय जाळीच्या चौकोनात गेला आणि तिथेच अडकला. ती लोंबकळत राहिली, धडपडत. तिच्या तोंडून आवाज येत नव्हता. फक्त जाळी वाजत होती, लांबपर्यंत.

अरबाब धावले. त्या वयात ते तसे धावतील असं कुणाला वाटलं नसतं. डोक्यावरचं कापड काढून त्यांनी तिच्या डोळ्यांवर टाकलं आणि तिला छातीशी धरून उचलून धरलं. मेहुणे जाळी वाकवायला लागले. मीही धावलो. पाय सोडवायला खाली वाकलो.

"म्यँऽऽ!"

हरिणीने अशी उसळी मारली की अरबाब मागे कोलमडले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले. नळी तर धावतानाच टाकून दिली होती. पुन्हा वाकलो.

"म्यँऽऽ!"

मालक ओरडले, "अहो बास करा की आता!"

"साहेब, मी नाही करत, कोट करतोय!"

उजव्या खिशातली डबी. मी वाकलो की ती उलटी व्हायची आणि रडायची. सरळ झालो की गप्प. ती खिशातून काढायला गेलो तर हात घालतानाच तिसऱ्यांदा रडली. अरबाबनी, हरिणीच्या मानेवरून हात न काढता, हळू आवाजात मला सांगितलं, "तुम उधर जाओ. सीधा खड़ा रहो. हिलो मत."

मी गेलो. खजुराच्या झाडाखाली सरळ उभा राहिलो, ताठ, राष्ट्रगीताला राहतात तसा. चार माणसं एका जनावराचा पाय सोडवत होती आणि मला वाकून साधी मदतही करता येत नव्हती. नाकावर माशी बसली तीही मी तशीच राहू दिली. हरिणी मधूनमधून मान वळवून आवाज कुठून आला ते शोधत होती, आणि कापडाखाली तिला काही दिसत नव्हतं.

पाय सुटला. मोडला नव्हता, सोललं होतं. अरबाबनी तिला आत नेऊन त्या सावलीतल्या पिल्लापाशी सोडलं. तिने ते हुंगलं, पुन्हा पुन्हा हुंगलं, आणि तरीही ती वळून जाळीपाशी आली आणि इकडून तिकडे फिरायला लागली. तिचं पिल्लू तिच्याजवळ होतं, पण मी रडवलेलं दुसरं एक तिला सापडत नव्हतं. ते तिला कुणी कसं समजावणार? आम्ही निघेपर्यंत ती फिरतच होती.

अरबाब हात धुऊन आले. चिडलेले नव्हते, ते जास्त वाईट. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम अच्छा करता. बहुत अच्छा. इसलिए मैं नहीं लेगा. ये माँ के साथ धोखा है, हबीबी." मग मालकांकडे वळून, "तंबू हर साल जैसा भेजो. ये नहीं."

परतताना गाडीत एसी फुल होता. घशाची आता कुणाला पर्वा नव्हती. बऱ्याच वेळाने मालक म्हणाले, "एकदा झालं होतं ना?"

"झालं होतं."

"सौदा झाला होता?"

"झाला होता."

"मग?"

"वन्स मोअर आला, साहेब."

मालक स्वतः सांगलीचे, नाटकाच्या गावचे. एक सुस्कारा टाकून म्हणाले, "आला तर द्यावाच लागतो म्हणा." आणि मग, तितक्याच समजूतदारपणे, "शनिवारपासून गोडाऊनला जा."

घरी मी सगळा प्रसंग साभिनय करून दाखवला. कोट, डबी, वाकणं, सगळं. बायको हसून हसून भिंतीला टेकली, डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी मात्र कोट घालून वाकलेलाच होतो. "चादरी दोन देते," ती म्हणाली. "चौघांच्या खोलीत एसी मोठा लावतात."

गोडाऊनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खोकी होती, खोक्यांवर धूळ होती, आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघं घोरायचे. मी दिवस ढकलले आणि पहिल्या गुरुवारी टॅक्सीसाठी रांग, मग बस, मग पुन्हा टॅक्सी असं करत घरी पोचलो. वाटेत मुलीसाठी चॉकलेटं घेतली. जिन्यात केस सारखे केले. प्रवेश कसा घ्यायचा ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं.

बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडून थांबलं. फटीतून मुलीचा एक डोळा दिसला.

"हू इज इट?"

"अगं मी!"

"मी हू?"

"तुझा बाबा, आणखी कोण!"

डोळ्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आठवडाभरात मी दाढी वाढवली होती. "ममा सेड नॉट टू ओपन फॉर एनी मॅन. आय हॅव टू आस्क हर फर्स्ट."

"शहाणी आहेस. विचार."

"शी इज इन द बाथ."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. लिफ्टमधून उतरलेले शेजारी माझ्याकडे बघत आपापल्या दारांकडे गेले. आतून पाण्याचा आवाज, मुलीची हाक, बायकोचं उत्तर, हे सगळं मला बाहेर ऐकू येत होतं. "अगं, उघड, बाबाच आहे!" बायको आतून ओरडली.

"ओके, वेट," मुलगी मला म्हणाली आणि तिने दार माझ्या तोंडावर बंद केलं. साखळी काढायची तर आधी दार लावावं लागतं.